फुगलेले गुण मागते कोण? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


दरवर्षी दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या की राज्यात कॉपीमुक्त अभियानाचा गजर सुरू होतो. भरारी पथके नेमली जातात, बैठी पथके ठरतात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवायला सांगितली जातात. २०२५मध्ये त्यात ड्रोनची आणि व्हिडिओ चित्रीकरणाची भर पडली, आणि कॉपीला हातभार लावणाऱ्या शिक्षकांना बडतर्फ करण्याची घोषणाही झाली. परीक्षांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२चा कायदा तर आहेच. हे पत्र त्या परीक्षांविषयी नाही. दहावीत कॉपी करणाऱ्या मुलाच्या पदरात काहीतरी पडते: टक्के, प्रवेश, निदान पास झाल्याचा कागद. मला लिहायचे आहे ते अशा चाचण्यांविषयी, ज्यांत मुलाला काहीच मिळत नाही, नापास होण्याचे भय नाही, प्रवेश अडत नाही, आणि तरीही शिक्षक त्याला उत्तर सांगतात. पायाभूत चाचणी, संकलित मूल्यमापन, वाचन-गणनाच्या पडताळण्या, अधूनमधून येणारी राष्ट्रीय सर्वेक्षणे. तिथे कोणी ड्रोन उडवत नाही, कारण तिथे काही बिघडले आहे असेच कोणाला वाटत नाही. माझ्या मते शालेय शिक्षणाचे अधिक नुकसान इथे होते, आणि ज्या रचनेमुळे ते होते ती बदलणे आपल्या हाती आहे.

ही रचना आपल्याला ठाऊक आहेच, तरी ती वर्गाच्या बाजूने पाहावी अशी विनंती आहे. नियतकालिक मूल्यांकन चाचणीची, म्हणजे याच पायाभूत आणि संकलित चाचण्यांची, प्रश्नपत्रिका पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून येते, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजीची. तिथपर्यंत सारे प्रमाणित असते. मग ती प्रश्नपत्रिका ज्यांनी वर्षभर त्या वर्गाला शिकवले त्यांच्याच हाती पडते. तेच वर्गात उभे राहतात, तेच पेपर तपासतात आणि शाळांची माहिती गोळा करणाऱ्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर तेच गुण भरतात. पुढे त्या गुणांवरून अधिकाऱ्यांच्या पातळीवर तक्ते तयार होतात, आढावा बैठकीत ते पडद्यावर येतात आणि तळाच्या शाळांची नावे मोठ्याने वाचली जातात. म्हणजे ज्याच्या कामाचे मोजमाप व्हायचे, मोजपट्टीही त्याच्याच हाती. यातून जी मदत सुरू होते ती एकदम फळ्यावर उत्तरे लिहून देण्यापर्यंत जात नाही. प्रश्न मोठ्याने वाचून देताना योग्य पर्यायावर आवाज किंचित चढतो. बाकामागून जाताना चुकलेल्या उत्तरावर बोट टेकते आणि ‘परत बघ’ असे दोन शब्द येतात. तोंडी परीक्षेत अडखळलेल्या मुलाचे वाक्य बाईच पुरे करतात आणि ‘वाचता येते’ या रकान्यात खूण करतात. तपासताना अर्ध्या गुणाचा एक होतो. आणि जिथे वेळच नसतो तिथे मागच्या वेळच्या आकड्यात दोन-चार मिळवून नोंद पुरी होते. यातल्या पहिल्या पायरीवरच्या शिक्षकाला आपण काही गैर केले असे मुळीच वाटत नसेल. आणि शेवटच्या पायरीवरच्याला चॅटबॉटची मुदत दिसत असते.

हा तर्क झाला. पुरावा काय, असे आपण विचाराल. तो शेजारी आहे. मध्य प्रदेशात सरकारी शाळांतल्या मुलांच्या वार्षिक मूल्यमापनाची अर्थतज्ज्ञ अभिजित सिंग यांनी स्वतंत्र पडताळणी केली. अधिकृत नोंदीत मुलांची पातळी बरीच वर दिसत होती, आणि फारच मागे असलेल्या मुलांचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा खूप कमी. आंध्र प्रदेशात त्यांनी २,४०० हून अधिक शाळांत प्रयोग करून पाहिला. काही शाळांत नेहमीप्रमाणे शिक्षकांच्या देखरेखीखाली कागदावर परीक्षा झाली, काहींत टॅबलेटवर. टॅबलेटवरचे गुण स्वतंत्र चाचणीशी बऱ्यापैकी जुळले. कागदावरचे फुगलेले निघाले आणि त्यांत गैरप्रकाराच्या खुणाही कितीतरी जास्त सापडल्या. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या संशोधनातली एक बाजूची नोंद. या परीक्षांवर शिक्षकांचा पगार, बढती, बदली काहीच ठरत नव्हते. तरीही आकडे फुगले. आपल्याकडच्या चाचण्यांची ठेवण हुबेहूब अशीच आहे: शिक्षकच घेणार, शिक्षकच तपासणार, शिक्षकच भरणार. महाराष्ट्रातला शिक्षक मध्य प्रदेशातल्या शिक्षकापेक्षा वेगळ्या मातीचा आहे, असे गृहीत धरून राज्याचे नियोजन करायचे असेल तर तसे उघडपणे म्हणायला हवे.

शिक्षा नाही, बक्षीस नाही, मग आकडा फुगवायचा कशाला? माझे उत्तर असे की कागदावर नसलेला दबाव खरा नसतो असे नाही. तालुक्याच्या बैठकीत शाळेचे नाव घेतले जाणे, व्हॉट्सॲपच्या गटावर लाल रंगात रंगवलेला तक्ता येणे, केंद्रप्रमुखांच्या भेटी वाढणे, ‘तुमच्याच शाळेचे असे का’ या प्रश्नाला लेखी खुलासा द्यावा लागणे – दोन शिक्षकी शाळेत हे पगारकपातीइतकेच जड असते. याच्या जोडीला आणखी एक कारण आहे, त्याचा उल्लेख तपासणीच्या अहवालांत सहसा येत नाही. शिक्षकाला मुलाची दया येते. ऊसतोडीवरून उन्हाळ्याच्या तोंडावर कधीतरी परतलेल्या, मधले चार धडे हुकलेल्या मुलासमोर त्याला न आलेला प्रश्न ठेवायचा आणि गप्प उभे राहायचे, हे शिकवणाऱ्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. वर्षभर ज्याला ‘अडलं तर विचार’ म्हणून सांगितले, त्याला एका सकाळी ‘आज विचारायचं नाही’ म्हणायचे. परीक्षकाची भूमिका शिक्षकाच्या भूमिकेवर चढवली की पहिली हरते, आणि ती हरावी यात मला फारसे आश्चर्य वाटत नाही.

दबाव कागदावर आला की काय होते, हे अमेरिकेने पाहिले. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या १९९० च्या दशकातल्या उत्तरपत्रिका ब्रायन जेकब आणि स्टीव्हन लेविट यांनी तपासल्या. एका वर्गातल्या बऱ्याच मुलांची मधल्याच काही प्रश्नांची उत्तरे एकाच क्रमाने सारखी, सोपे प्रश्न चुकलेले आणि अवघड बरोबर, यंदा गुणांची मोठी उडी आणि पुढच्या वर्षी तेच वर्ग पुन्हा खाली, अशा खुणा त्यांनी शोधल्या. दरवर्षी किमान चार ते पाच टक्के वर्गांत शिक्षकांनी किंवा शाळेने फेरफार केला असावा, असा त्यांचा निष्कर्ष. ढोबळ प्रकारच तेवढे पकडले गेलेले, म्हणून ‘किमान’. २००२मध्ये तिथल्या प्रशासनाने काही वर्गांची फेरपरीक्षा घेतली तेव्हा संशयित वर्गांचे गुण कोसळले आणि चांगल्या शिक्षकांच्या वर्गांचे टिकले. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची आहे, तिच्याकडे मी पुढे येईन. अटलांटाचे प्रकरण तर जगभर गाजले. तिथल्या शिक्षण अधीक्षक बेव्हर्ली हॉल यांना २००९मध्ये देशातल्या सर्वोत्तम अधीक्षकाचा सन्मान मिळाला होता. त्याच वर्षीच्या उत्तरपत्रिकांवर चुकीचे उत्तर खोडून बरोबर केल्याच्या खुणा अशक्य वाटाव्यात इतक्या होत्या. २०११च्या चौकशी अहवालात ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली, ८० हून अधिक जणांनी कबुली दिली, आणि २०१५मध्ये अकरा जण संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली दोषी ठरले. चौकशी करणाऱ्यांनी दोष दिला तो भयाच्या वातावरणाला: लक्ष्य गाठा, नाहीतर कारणे सांगा.

हे सारे परदेशातले, असे म्हणून बाजूला सारण्याची सोय मात्र आपल्याला नाही. परीक्षेच्या निकालावर शाळेला पैसे देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित संहितेने आली आणि लवकरच तिची सावली मुंबई इलाख्याच्या अनुदानांवरही पडली. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी स्पष्ट सांगितले होते की निकालावर अनुदान देण्याची रीत गरीब, शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या समाजात शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही. त्यांचा रोख वेगळा होता. अशा वस्तीत शाळा चालवून शिक्षकाचे पोट भरणार नाही, म्हणून तिथे शाळा निघणारच नाहीत, हे ते सांगत होते. पण धागा तोच आहे. निकालाला किंमत लावली की यंत्रणा निकाल जिथे स्वस्तात मिळतो तिकडे वळते, आणि ज्या मुलांचा निकाल महाग पडतो ती बाहेर राहतात. तेव्हा ती शाळेच्या बाहेर राहत, आज आकड्याच्या बाहेर राहतात.

आता घरचे आकडे. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९मध्ये भाषांची वीस गुणांची तोंडी परीक्षा वगळली आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२०चा निकाल ९५.३० टक्के लागला. करोनामुळे परीक्षा न होता शाळांनी दिलेल्या गुणांवर २०२१चा निकाल लावला तेव्हा तो ९९.९५ टक्के झाला. न्यायाने बोलायचे तर २०१९मध्ये अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेचा आराखडाही नवा होता, २०२०मध्ये भूगोलाचा पेपर झालाच नव्हता आणि २०२१ हे सर्वच अर्थांनी अपवादाचे वर्ष. सगळी घसरण किंवा सगळी वाढ एकट्या अंतर्गत गुणांच्या माथी मारता येणार नाही. परंतु दोन वर्षांत बारा टक्के खाली आणि अठरा टक्के वर, इतकी मराठी मुलांची बुद्धी हेलकावे खात नाही. गुण कोणाच्या हाती आहेत यावर निकाल किती हलतो, एवढे तरी या चार आकड्यांवरून दिसावे. आणि हेही दिसावे की २०१९चा खाली आलेला आकडा सरकारला एक वर्षही सोसवला नाही. केंद्रीय मंडळांची मुले अंतर्गत गुणांच्या जोरावर अकरावीच्या प्रवेशात पुढे जातील हा पालकांचा आक्षेप खोटा नव्हता. पण त्यावर आपणही गुण वाढवून देणे हा उपाय ज्यांनी निवडला, त्यांनी शिक्षकांना काय शिकवले याचा विचार व्हावा.

कारण महोदय, इथे एक अवघड गोष्ट बोलावी लागते: गुण फुगण्यात हितसंबंध केवळ शिक्षकाचा नसतो. मुख्याध्यापकाला केंद्रात वर राहायचे असते, केंद्रप्रमुखाला तालुक्यात, गटशिक्षणाधिकाऱ्याला जिल्ह्यात, आणि राज्याला देशात. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकात महाराष्ट्राने केरळ आणि पंजाबच्या बरोबरीने ९२८ गुण मिळवले आणि त्याचा राज्यात यथोचित गौरव झाला. त्या प्रतवारीत अध्ययन निष्पत्तीचे गुण राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणावरून आले होते. डग जॉन्सन आणि आंद्रेस पराडो यांनी हे सर्वेक्षण ‘असर’ या घरोघरी होणाऱ्या स्वतंत्र पाहणीशी आणि आणखी एका तशाच पाहणीशी ताडून पाहिले, तेव्हा सर्वेक्षणातली राज्यांची सरासरी बरीच वर आणि राज्यांचे क्रम तर इतरांशी जवळजवळ न जुळणारे निघाले. ‘असर’वर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, चाचणी फार सोपी, स्वयंसेवक बहुधा विद्यार्थी, बरेचसे विषय वगळलेले. तरी तिची एक जमेची बाजू नाकारता येत नाही. ती मुलाच्या घरी होते आणि मुलाला प्रश्न विचारणाऱ्याचे त्याच्या उत्तरावर काहीच अवलंबून नसते. २०२४मध्ये देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळजवळ अर्ध्या मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला, हे आपल्याला तिथून कळले. शाळांनी वर पाठवलेल्या कुठल्या तक्त्यातून कळले नाही. शिक्षकाला एकट्याला पकडून जाब विचारला तर तो मनातल्या मनात म्हणेल, वरच्यांनी जे मागितले ते दिले. त्याचे म्हणणे अगदीच चूक ठरणार नाही.

मग यात बिघडले काय, असा एक सौम्य आक्षेप नेहमी येतो. पास-नापास नाही, स्पर्धा नाही, मुलाला जरा धीर आला, शाळेची अब्रू राहिली, कोणाचे काय गेले? गेले ते त्याच मुलाचे. चाचणी ही त्या मुलाची तक्रार नोंदवण्याची एकमेव जागा असते. तिसरीतल्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत, ही गोष्ट तो स्वतः कोणाला सांगू शकत नाही. त्याच्या आईवडिलांना ती बहुधा कळत नाही. वर्गशिक्षिकेला कळते, पण तिच्याकडे दोन इयत्ता आहेत, मतदार नोंदणीचे काम आहे, शालेय पोषण आहाराच्या नोंदी आहेत. चाचणीत त्या मुलाचे चार गुण पडले असते तर निदान एका यादीत त्याचे नाव चढले असते. त्या यादीवरून पूरक वर्ग, जादा साहित्य, एखाद्या विषय साधन व्यक्तीची भेट, असे काही त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता होती. बोट टेकवून त्याचे चार गुण अकरा केले की तो यादीतून गेला. राज्याच्या दफ्तरी त्याला आता वाचता येते. अटलांटातही हेच झाले. ज्या मुलांना जादा मदत मिळायला हवी होती, ती खोट्या गुणांनी उत्तीर्ण झाल्यामुळे मदतीला पात्रच राहिली नाहीत. मध्य प्रदेशच्या पडताळणीतही सर्वाधिक फुगवटा तळालाच दिसला, आणि तो तिथेच असणार, कारण हुशार मुलाला उत्तर सांगावे लागत नाही. पाचवी आणि आठवीत मुलाला पुन्हा अनुत्तीर्ण करता येईल अशी तरतूद आता आली आहे. चार वर्षे ‘प्रगत’ म्हणून नोंदलेला मुलगा पाचवीच्या उंबऱ्यावर एकदम नापास ठरेल, तेव्हा मधल्या चार वर्षांचा हिशेब कोणाकडे मागायचा?

दुसरा आक्षेप कडक बाजूने येतो: चार शिक्षकांना निलंबित करा, बाकीचे सरळ होतील. दहावी-बारावीच्या केंद्रांवर कडक राहावे याबद्दल माझा वाद नाही. तिथेही अनुभव असा की २०२५मध्ये मंडळाने केंद्रसंचालक आणि पर्यवेक्षक सरसकट दुसऱ्या शाळांचे नेमायचे ठरवले, विरोध झाला, आणि तो नियम आधीच्या वर्षांत गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरता आखडता घ्यावा लागला. काही हजार केंद्रांवर जे जड गेले ते राज्यभरातल्या शाळांच्या वर्गावर्गात वर्षातून तीनदा कसे करणार? आणि बोट टेकवण्याचा पुरावा कसा गोळा करणार? शिक्षेचा धाक जिथे पकडले जाण्याची शक्यता जवळपास शून्य असते तिथे चालत नाही, उलट एक विचित्र परिणाम होतो. ज्या बाईंनी खरे गुण भरले त्यांची शाळा तळाला दिसते आणि खुलासा त्यांना द्यावा लागतो. ज्यांनी खरे भरले नाहीत त्यांचे अभिनंदन होते. शिकागोच्या फेरपरीक्षेचे मोल मी वर सांगितले ते यासाठी. ती झाली नसती तर खरोखर चांगले शिकवणारे शिक्षक आणि खोडरबर चालवणारे शिक्षक एकाच यादीत, एकाच कौतुकाने वाचले गेले असते. स्वतंत्र मोजणीची सर्वांत जास्त गरज प्रामाणिक शिक्षकाला आहे.

म्हणून माझी मागणी अशी की एकाच चाचणीवर लादलेली दोन कामे वेगळी करावीत. मुलाला काय येते आणि उद्या त्याला काय शिकवायचे, हे शिक्षकाला कळावे म्हणून घ्यायची चाचणी पूर्णपणे शिक्षकाची असू द्या. ती त्यानेच घ्यावी, त्यानेच तपासावी, हवे तर मदत करत घ्यावी, कारण किती मदतीनंतर मुलाला जमते हीसुद्धा शिकवणाऱ्याला उपयोगी माहिती आहे. तिचे गुण शाळेबाहेर जाण्याची गरज नाही. गेलेच तर त्यावरून शाळांचा, केंद्रांचा, तालुक्यांचा क्रम लागता कामा नये. राज्याला स्वतःसाठी जे जाणायचे आहे, म्हणजे कोणत्या जिल्ह्यात वाचन मागे आहे, कोणत्या तालुक्यात भागाकार अडतो, ते जाणण्यासाठी प्रत्येक मुलाची परीक्षा लागतच नाही. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शाळांतल्या निवडलेल्या मुलांची, त्या तालुक्याशी संबंध नसलेल्या माणसांकडून घेतलेली चाचणी पुरते. खर्चाचा प्रश्न इथे उलटा आहे. आज राज्यभर प्रत्येक मुलासाठी प्रश्नपत्रिका छापून, वाहून, तपासून, नोंदवून जे आकडे मिळतात त्यांवर विसंबता येत नाही. नमुन्याची चाचणी त्याहून कितीतरी कमी मुलांची असेल आणि तिच्यावर विसंबता येईल. टॅबलेटने सारे सुटेल असे मी म्हणत नाही. आंध्रात ते चालले म्हणून आपण निविदा काढू, आणि दोन वर्षांनी ते टॅबलेट मुख्याध्यापकांच्या कपाटात असतील, ही भीती अनुभवातून येते. मोजणारा माणूस परका असावा, मुद्दा एवढाच आहे.

शिक्षक संघटना याला अविश्वास म्हणतील. त्यांना २०११ची पटपडताळणी आठवावी. ३ ते ५ ऑक्टोबर या तीन दिवसांत राज्यभर, मुलांच्या बोटाला शाई लावून, शाळेबाहेरच्या यंत्रणेने पट मोजला आणि हजेरीपटावर असलेली पण अस्तित्वात नसलेली लाखो मुले उघड झाली. तोवर तोच पट दरमहा शाळांकडून वर येत होता, त्यावर सह्या होत होत्या, त्यावर तुकड्या आणि अनुदान मिळत होते. तेव्हाही अविश्वासाची तक्रार झाली होती. आज कोणी म्हणत नाही की ती मोजणी करायला नको होती. गुणांची मोजणी पटाहून वेगळी का मानावी, याचे उत्तर संघटनांकडून ऐकायला मला आवडेल. एक फरक मात्र करावा लागेल. पटपडताळणीनंतर कारवाईचा बडगा आला, आणि खोट्या पटामागे पैसा होता म्हणून तो योग्यही होता. इथे पहिल्या फेरीत कोणावरही कारवाई करू नये. नमुन्याच्या चाचणीत एखाद्या तालुक्याचे गुण नोंदलेल्या गुणांच्या निम्मे निघाले, तरी त्याचा वापर त्या तालुक्याला मदत किती लागेल हे ठरवण्यापुरता व्हावा. तसे झाले नाही तर पुढच्या फेरीला बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या चहापाण्याची सोय आधी होईल आणि आपण पुन्हा होतो तिथेच येऊ.

उत्तरदायित्व संपेल का? शाळेचा क्रम लागला नाही तर शिक्षक शिकवणारच नाहीत, अशी धास्ती अधिकाऱ्यांच्या बोलण्यात असते. माझे म्हणणे, उत्तरदायित्व एक मजला वर न्यावे. नमुन्याची चाचणी एका शाळेबद्दल फार सांगणार नाही, पण तालुका आणि जिल्ह्याबद्दल नक्की सांगेल. रिक्त पदे कोणी भरली नाहीत, शिक्षकांना किती दिवस वर्गाबाहेर ठेवले, प्रशिक्षण वेळेवर झाले का, पुस्तके पोहोचली का, हे सारे त्याच पातळीवर ठरते. आज आढावा बैठकीत जे प्रश्न विचारतात, त्यांनीच त्या बैठकीत उत्तरे द्यावीत, असा हा बदल आहे. तो त्यांना आवडणार नाही हे मी समजू शकतो.

राहिला शेवटचा आक्षेप, जो कोणी लिहून देत नाही पण बहुधा तोच निर्णायक ठरतो: आकडे पडतील. पडतील, यात शंका नाही. २०१०च्या सुमारास नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम नेटाने राबवली तेव्हा जिल्ह्याचा निकाल घसरलाच होता; तरी ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव राज्याने पुढे अभिमानाने घेतले. घसरलेला आकडा लोकांना समजावून सांगता येतो, पण सांगणारा आधी बोलला पाहिजे. २०१९मध्ये निकालानंतर ओरड झाली आणि काही महिन्यांत माघार झाली. या वेळी चाचणीच्या आधीच आपण सभागृहात सांगावे की पहिल्या वर्षी आकडा खाली येणार आहे, का येणार आहे, आणि तो खाली आल्याबद्दल कोणाही शिक्षकाला किंवा अधिकाऱ्याला खुलासा मागितला जाणार नाही.

सुरुवात लहान करता येईल. पुढच्या संकलित मूल्यमापनानंतर तीन आठवड्यांच्या आत, प्रत्येक विभागातला एक असे जिल्हे चिठ्ठी टाकून निवडावेत, त्यांतल्या निवडक शाळांत तिसरी आणि पाचवीच्या मुलांना तेवढ्याच काठिण्याचे प्रश्न बाहेरच्या माणसांनी विचारावेत. प्रश्न राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काढावेत, चाचणी घेणारे दुसऱ्या विभागातल्या अध्यापक विद्यालयांचे विद्यार्थी असावेत, त्यांना दैनिक भत्ता वेळेवर मिळावा. नोंदलेले गुण आणि मिळालेले गुण यांतला जिल्हानिहाय फरक, शाळांची नावे न देता, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवावा. तो फरक नगण्य निघाला तर या पत्रातला संशय चुकीचा ठरेल आणि आपल्या विभागाला ते जाहीरपणे सांगता येईल. मोठा निघाला तर त्या जिल्ह्यांत पूरक वर्गांची तरतूद पुरवणी मागण्यांतच करावी, पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहू नये.

कळावे.

आपला,
एक करदाता नागरिक